मान मोकळी

पुस्तकातलं चित्र पाहिलंस ना, बाराऊ?
उताणा माणूस, डोक्याखाली डॉक्टरचा हात,
डोकं उचललं की गुडघे आपोआप दुमडलेले,
बाहुलीचा दोर ओढावा तसे.
मी ते चित्र पाठ केलं होतं.
एकतीस वर्षं, या मागारियाच्या दवाखान्यात,
मार्च आला, उत्तरेची धूळ पत्र्यावर बसली
की मी माना उचलतो आहे.
त्या चित्रातला माणूस मला
दोनदा भेटला. फार तर तीनदा.

करू नको म्हणत नाही. कर.
तळवा मानेखाली सरकव,
झोपल्या लेकराखालून हात काढतो ना, त्याच्या उलट.
हनुवटी छातीला टेकते का बघ.
मग मांडी काटकोनात धर, गुडघा सरळ कर,
कळ येते का विचार.
ज्यांची नावं या खुणांना चिकटलीत
त्यांनी त्या बहुधा आजार पूर्ण पिकल्यावर पाहिल्या,
आपल्याकडे माणूस त्याआधी येतो,
किंवा त्यानंतर.
मान ताठ असली तर ऐक तिचं.
नसली
तर तिचा एक शब्द ऐकू नको.
मानेला मान दे, कारभार देऊ नको.

शैबू सायकली दुरुस्त करायचा, बाजाराच्या तोंडाशी.
ताप होता. डोकं फुटतंय म्हणाला, दार लोटा म्हणाला.
मी मान वाकवली. वाकली,
बाजरीचं कणीस लवतं तितकी सहज.
मग मीही मान डोलावली,
मलेरियाच्या गोळ्या पुडीत बांधल्या,
वहीत लिहिलं, 'मान मोकळी', खाली रेघ मारली.
पहाटे भावाने गाढवगाडीतून आणला
तेव्हा शैबूने मान टाकली होती.
वही आहे अजून.
अक्षर चांगलं आहे माझं.

आणि तो म्हातारा माहामान!
मान बाभळीच्या बुंध्यासारखी, इकडे नाही, तिकडे नाही.
आम्ही धावलो, पाठीतलं पाणी काढलं,
निघालं नितळ, पहाटेच्या विहिरीसारखं.
चाळीस वर्षं डोक्यावरून मिठाच्या लाद्या वाहिलेल्या,
मणके झिजून एकमेकांत रुतलेले.
ताप फुप्फुसातला होता.
चौथ्या दिवशी उठून बसला, म्हणाला,
'आधी मला विचारायचंस की.'

आज ही हुरेरा.
नवऱ्याला चटईसकट उचलून आणलंय तिने, दिरांच्या मदतीने.
तू लावालीची मान वाकवलीस,
चेहरा उजळला तुझा, लपवू नको,
माझाही उजळायचा.
पण ती काय पुटपुटतेय?
दुपारपासून तो तिला 'दिजे' म्हणून हाक मारतोय.
दिजे त्याची बहीण.
दुष्काळाच्या साली गेलेली.
बाराऊ, या खुणेला कुणा डॉक्टरचं नाव नाही.
हिच्यासाठी हात लागत नाही,
बायको काय सांगते तिथवर थांबावं लागतं.

औषध मी शिरेतून सोडलंय, पाण्याची वाट पाहिली नाही.
आता सुई आण.
सासरा म्हणतोय, पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो.
त्याला हटकू नको, शेजारी बसव,
मुलाचा खांदा धरू दे.
कुशीवर वळव. मान आत, गुडघे पोटाशी, आणखी.
बघ,
चित्रातलं ते दुमडणं
शेवटी आपणच करून घेतोय.

थेंब.
थेंब.
नळीमागे तुझा बिल्ला धर, मोबाइलचा उजेड पाड.
तुझं नाव वाचता येतंय?

नाही ना.
बाजरी धुतलेलं पाणी.

झाकण लाव. हुरेराला मी सांगतो,
सगळं नाही सांगता येणार आज रात्री,
पण औषध सुरू झालंय हे सांगता येईल.
तू वही घे.
'मान मोकळी' लिही, खरंच आहे ते, खोडायचं नाही.
फक्त खाली रेघ मारू नको.
तिने जे सांगितलं
त्याला जागा सोड.